अडवणाऱ्यांच्या बाजूने



'प्रशिक्षकाची कारकीर्द' हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. तो फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एक कोपरा धरतो. गुण मिळवायला शिकवणाऱ्यांबद्दल आज मी बोलणार नाही. समोरच्याला गुण मिळू न देणं जे शिकवतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत जो फुटबॉल चालतो, त्यात पायाचं काम कमी आणि अंगाचं जास्त. चेंडू लांबट असतो आणि बचावाच्या पहिल्या फळीत बहुधा चार धिप्पाड पोरं वाकून उभी असतात. या चौघांसाठी तिथे वेगळा प्रशिक्षक नेमलेला असतो. लॅरी जॉन्सन हे त्यातलं मोठं नाव. आधी बरीच वर्षं शाळांच्या संघांना शिकवलं, 1996 मध्ये ते पेन स्टेट विद्यापीठात आले आणि 2014 मध्ये ओहायो स्टेटला गेले. जोई बोसा, त्याचा भाऊ निक बोसा, चेस यंग ही त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या तिघांत उचलली गेली. एका विद्यापीठाने एका माणसाला वर्षानुवर्षं पगार द्यायचा, तो फक्त पहिल्या फळीने कसं अडवायचं हे शिकवण्यासाठी! आपल्याकडे एकच क्रीडाशिक्षक खो-खो, कबड्डी आणि गोळाफेक शिकवतो, प्रार्थनेला शिट्टी वाजवतो, निवडणुकीच्या कामावर जातो आणि दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की सवलतीच्या गुणांसाठी पालकांच्या रांगेला तोंड देतो. त्या रांगेतले निम्मे पालक त्याला वर्षात पहिल्यांदाच भेटत असतात.

आता घरी येऊ. खो-खोत पळती करणारे तिघे एका वेळी मैदानात उतरतात. पाटीवर आठ जण बसलेले आणि एक मारणारा पाठीमागे लागलेला. बघणाऱ्याला वाटतं, ज्याचे पाय वेगवान तो वाचला. तसं नसतं. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला हे दोन्ही करायची मोकळीक असते. संरक्षणाची सगळी विद्या या फरकात आहे. मारणाऱ्याचा खांदा कुठे झुकला, बसलेल्यांपैकी कोणाची टाच उचलली गेली, खो पुढच्याला मिळणार की मागच्याला, हे पळतानाच वाचावं लागतं. साखळीने किती वेळ खेळायचं, गोल कधी धरायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत घोटून घ्यावं लागतं. तिघांतला एक दमला तर उरलेल्या दोघांनी मारणाऱ्याला आपल्याकडे कसं ओढून घ्यायचं, हे तर वेगळंच शिक्षण. एकट्याला ते येतच नाही.

आणि हा खेळ एका बाबतीत दिलदार आहे. कबड्डीत जो कोपरारक्षक चढाईपटूला नुसता दबावात ठेवून रिकाम्या हाताने परत पाठवतो, त्याचं नाव कुठे लागत नाही. खो-खोत मात्र पळतीची मिनिटं आणि सेकंद लिहिले जातात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापूनही येतात. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती, हे इथे कोणाला सांगायला नको. त्या स्पर्धेच्या नियमांत ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकणाऱ्या तुकडीला गुण होते, 'ड्रीम रन' म्हणून. टिकून राहण्यालाही गुण, ही मला त्या स्पर्धेतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटली.

पण मिनिटं पळणाऱ्याच्या नावावर लागतात. शिकवणाऱ्याचं काय? आपल्या जिल्ह्याची सारिका काळे तेराव्या वर्षी खेळायला लागली. दिवसाला एकच जेवण, अशी वर्षं तिने काढली. हे तिने स्वतःच सांगितलेलं आहे. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचंही ठरवलं होतं. तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतल्याचं आजीने तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना सांगितलं. जाधव सरांनी तिची समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता. तेव्हा ती याच आपल्या तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी होती.

जाधव सरांनी त्या वेळी जे केलं ते कुठल्या अभ्यासक्रमात येतं? प्रशिक्षणाच्या पदविकेत शरीरशास्त्र असतं, मैदानाची मापं असतात. मुलगी मैदानावर यायची थांबली की तिच्या आजीशी काय बोलायचं, याचा तास नसतो. आणि ग्रामीण भागात पोरी खेळ सोडतात त्या दुखापतीने कमी आणि घरच्या अडचणीने जास्त, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कबड्डीचं एकच उदाहरण देतो, कारण ते थोडं झोंबणारं आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी निवृत्तीनंतर इराणच्या महिला संघाची जबाबदारी घेतली. तिथे त्या कामापुरती फारसी शिकल्या, सरावात प्राणायाम आणला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं. त्याआधी 2010 आणि 2014 अशी दोन्ही सुवर्णं आपल्याकडे होती. कबड्डीत इतक्या कमी गुणांवर सामना संपतो तेव्हा दोन्हीकडची पकड घट्ट होती, हे ओळखावं. आपल्याच मातीतल्या बाईंनी आपल्याच पोरींना अडवलं, म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मला त्यात अभिमानाखेरीज काही दिसत नाही. विद्या आपली होती आणि ती ज्यांना हवी होती त्यांनी बोलावून नेली. आपण त्यांना कुठे आणि कसं वापरलं, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. जिल्ह्याच्या सराव शिबिरांत आक्रमण आणि संरक्षण यांना वेगवेगळे प्रशिक्षक द्या. पैसे नाहीत हे उत्तर मला पाठ आहे. त्यासाठी नवीन माणूस नको, दोन शाळांच्या दोन शिक्षकांनी काम वाटून घेतलं तरी पुरे. पळतीची मिनिटं प्रत्येक शाळेने सरावातही लिहून ठेवावीत. अंतिम सामन्याच्या दिवशीच घड्याळ काढण्यात अर्थ नाही. आणि खेळाडू पुढे राज्यात किंवा देशासाठी खेळली, तर निवडीच्या कागदावर तिच्या पहिल्या क्रीडाशिक्षकाचं नाव लिहिण्यासाठी एक रकाना असावा.

हा शेवटचा मुद्दा दुपारच्या सत्रात ठराव म्हणून येणार आहे. रकान्याला जागा कुठे करायची यावर वाद होईल, तो खुशाल घाला. पण ठराव आजच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाईल एवढं बघा.