खोताच्या वाडींत एक संध्याकाळ



मुंबईंत गिरगांवच्या हमरस्त्यावरून आंत वळलें कीं मोटारींचा गलबला मागें राहतो आणि चिंचोळ्या गल्लींत लांकडी कठड्यांचीं, कौलारू, ठेंगणीं घरें दिसूं लागतात. हीच खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांनीं येथील जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिली. त्यांच्यावरूनच हें नांव पडलें. एके काळीं येथें सुमारें ६५ घरें होतीं. आज त्यांतलीं निम्मींही उरलेलीं नाहींत.

परवां एका ओसरीसमोर थांबून मीं घराची स्तुति केली. तेथें बसलेले वृद्ध गृहस्थ हंसून म्हणाले, "पाहायला पुष्कळ येतात, साहेब, पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळायला कोणी येत नाहीं."

मी खजील झालों. जुन्या सागाची डागडुजी महाग, घराचे वांटेकरी अनेक आणि भोंवतालच्या उंच इमारतींमुळें जागेचें मोल भारी. हा मोह आवरून जो घर राखतो, तो तें आपणां सर्वांसाठीं राखतो. खर्च मात्र एकटा सोसतो. १९९५ सालच्या नियमांनीं मुंबईंतील वारसावास्तूंना संरक्षण दिलें खरें. पण नियम पाडण्यास मनाई करील, छप्पर शाकारणार नाहीं. वारसा आपला म्हणावयाचा, तर त्या छपराचा थोडा भार आपणही शिरावर घेतला पाहिजे.