हिशेबाची वही कुणाच्या हाती?



दिवाळीनंतरचे घुंगरू बाजार आटोपले, थाट्यांचे म्हणजे गुराख्यांचे नाच झाले, की मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली गावं हळूहळू रिकामी व्हायला लागतात. अठरा-वीस वर्षांची कोरकू आदिवासी पोरं टोळीटोळीनं खाली उतरतात. कुणी कापूस वेचायला, कुणी वीटभट्टीवर, कुणी रस्त्याच्या कामावर जातं. होळी आली, फगव्याचे दिवस आले, की परत येतात. यातली बरीच पोरं दहावी-बारावीपर्यंत शिकलेली असतात. घरी कोरकू बोलत वाढलेलं लेकरू पहिलीत मराठी पुस्तकासमोर बसतं आणि तिथून बारावीपर्यंत पोचतं, तेव्हा त्यानं किती मोठा डोंगर चढलेला असतो याची आपल्याला कल्पना नसते. एवढं करून शेवटी त्याच्या हाती घमेलंच येतं.

या तरुणांसाठी काम करणारी संस्था चालवायची म्हणजे काय करायचं, यावर आज बोलायचं आहे.

संस्था काढणं अवघड नाही. १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसं जमली, कागदपत्रं पुरी झाली, की नोंदणी होते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं, तेव्हापासून पैशाची वाटही थोडी रुंद झाली. पण हा पैसा बहुधा वर्षाच्या बोलीनं येतो आणि वर्षाअखेरी एकच गोष्ट विचारतो: किती जणांना प्रशिक्षण दिलं? मग शिबिर होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतो. त्या फोटोतला मुलगा पुढच्या दिवाळीनंतर कुठं होता, हे कुठल्याच अहवालात येत नाही. माझ्या मते संस्थेच्या प्रमुखाची खरी कसोटी इथंच लागते.

उदाहरण म्हणून धारणी तालुक्यातलं लवादा हे गाव पाहा. सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्यानं नव्वदच्या दशकात तिथं संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. बांबू कोरकूंना नवा नव्हता. घराचा कुड, टोपली, सूप सगळं त्याचंच. नवं होतं ते त्याच्याकडे धंदा म्हणून बघणं. तीन वर्षांचा पक्का बांबू निवडायचा, पावसाळा सरल्यावर तोडायचा, नाहीतर त्यातल्या पिठुळपणानं घुण लागते. मग बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवायचा. एवढं झाल्यावरच त्या वस्तूला शहरातलं गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं. लवाद्याच्या बांबूच्या राख्या मेळघाटाबाहेर दूरवर गेल्या, बांबूची घरंही उभी राहिली. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे कारागिरांची वेणूशिल्पी ही सहकारी संस्था. सहकारी संस्थेत कारागीर नुसता मजूर राहत नाही, सभासद होतो. सभेत उभा राहून भाव विचारायचा त्याला हक्क असतो.

राखीचंच गणित मांडून बघा. माल श्रावणात विकला जातो, काम मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. हातावर पोट असलेल्या पोराला मजुरी दर आठवड्याच्या बाजाराला लागते. मधल्या महिन्यांचं भांडवल कोण घालणार? उरलेल्या मालाचा तोटा कोण सोसणार? बांबू कुठून आणायचा, वाहतुकीचा परवाना कुणाकडून घ्यायचा? संस्थेच्या प्रमुखाचा दिवस यातच जातो. त्यात अकोला-खंडवा मीटरगेज गाडी २०१७ पासून बंद, म्हणजे माल न्यायचा तो घाटरस्त्यानंच.

मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावानं दुसरी वाट दाखवली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘खोज’ या संस्थेनं पाठपुराव्याला बळ दिलं. उजाड जमिनीवर गावानं झाडं लावली, राखण केली, सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत पोचवली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्कारानं या गावाचा गौरव झाला. जंगलाचा कारभार ग्रामसभेकडे, निर्णय गावाचा आणि संस्था पाठीशी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मेळघाटातल्याच बैरागडला रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना आपण सगळेच जाणता. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषधानं भागत नाही, घरात धान्य हवं, हे ओळखून या डॉक्टरांनी शेतीत लक्ष घातलं, रेशनचं दुकानही चालवलं. गावाची गरज जिकडे नेईल तिकडे जायचं, मग ते आपल्या पदवीत बसो न बसो.

म्हणून मी म्हणतो, तरुणाला पटाशी आणि कोयत्याबरोबर हिशेबाची वही द्या. खरेदीचं बिल, बँकेचं पासबुक, परवान्याचा अर्ज, गिऱ्हाइकाचा फोन, सगळं त्याच्या हातून होऊ द्या. दोन-तीन वर्षं चुका होतील, नुकसान होईल. ते नुकसान सोसण्याची तरतूद करणं हे प्रमुखाचं काम. आणि प्रमुख काही कायमचा नसतो. सुनील देशपांडे २०२१ मध्ये कोरोनानं गेले. त्यानंतरही लवाद्याचं काम निरुपमाताईंनी पुढं चालू ठेवलं. अशा वेळी संस्थेला तारतात ती व्यवहार शिकलेली गावातली माणसं.

अमरावती-अकोल्याच्या वाणिज्य महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या विद्यार्थ्यांची सहल चिखलदऱ्याला जातेच. यंदा त्यांतल्या चार-पाच जणांना पंधरा दिवस धारणीकडे मुक्कामाला पाठवा. एखाद्या बचत गटाची किंवा कारागीर संस्थेची कीर्द-खतावणी तिथल्याच मुलामुलींना सोबत घेऊन लिहायला बसवा. होळीनंतर पाठवा, तेव्हा पोरं गावात असतात.