मराठवाड्याचा पाऊस आणि दोना पावलाची संस्था

(क्रांती चौक येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



क्रांती चौकात उभे राहून समुद्राविषयी बोलायचे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र मुंबईचा, म्हणजे रात्रभराच्या प्रवासाचा. पण आपल्या रेल्वे स्थानकावरची पिवळी पाटी आठवा. तीवर गावाच्या नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपण किती उंचीवर राहतो, हेदेखील समुद्राला विचारूनच ठरते! आणि नाथसागरात पाणी किती येणार, कोरडवाहू शेतात काय पिकणार, हेही पुष्कळसे समुद्रच ठरवतो. त्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे. ती म्हणजे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

आपला प्रदेश समुद्राला अगदीच परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचा उल्लेख येतो. पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि तेथून गलबतांतून परदेशी जाई. ही गलबते वाऱ्याच्या ऋतूप्रमाणे ये-जा करीत. मान्सून हा शब्दच मुळी अरबी 'मौसिम' या शब्दापासून आला आहे. अरब आणि भारतीय खलाशांना वारा कोणत्या महिन्यात फिरतो हे ठाऊक होते. तो का फिरतो आणि त्याबरोबर समुद्राच्या पोटात काय घडते, हे मात्र मोजमाप केल्यावाचून कळण्यासारखे नव्हते.

हे मोजमाप मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते १९६० च्या सुमारास. तोपर्यंत जगातील महासागरांपैकी हिंदी महासागराची माहिती फारच थोडी होती. म्हणून अनेक राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली. ती १९६५ पर्यंत चालली आणि तीत सुमारे चाळीस जहाजांनी भाग घेतला. भारतीय नौदलाचे 'किस्तना' हे जहाजही त्यांत होते. भारताच्या कामाची धुरा डॉ. एन. के. पणिक्कर यांनी वाहिली. मोहीम संपली तेव्हा नोंदींचे आणि नमुन्यांचे मोठे भांडार हाती आले होते, आणि काम शिकलेली तरुण माणसेही तयार झाली होती. ती विखुरली जाऊ नयेत म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली ही संस्था स्थापन झाली. डॉ. पणिक्करच तिचे पहिले संचालक होते. मुख्य केंद्र गोव्यात असून मुंबई, कोची आणि विशाखापट्टणम येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत.

संस्थेचे काम नेमके काय? समुद्राचे तापमान, खारटपणा आणि प्रवाह मोजणे. पाण्यातील रसायने तपासणे. सूक्ष्म वनस्पतींपासून माशांपर्यंतच्या जीवांचा अभ्यास करणे. आणि तळाची माती व खडक पाहणे. म्हणजे पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि भूशास्त्र हे आपल्या कॉलेजातले चारही विषय तेथे जहाजावर एकत्र नांदतात. १९७६ मध्ये संस्थेला 'गवेषणी' हे संशोधन जहाज मिळाले. २६ जानेवारी १९८१ रोजी याच जहाजाने समुद्रतळावरून धातूंचे गोळे वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. पुढे १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या मध्यभागी दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात या गोळ्यांचा शोध घेण्याचा हक्क भारताला मिळाला.

परंतु आपणां मराठवाड्यातील लोकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम पावसाचे आहे. आपल्याकडे चांगला पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला म्हणजे येतो. अरबी समुद्र जवळ असताना पाऊस लांबच्या उपसागराकडून का यावा? संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये या दोन समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला. पावसाळ्यात अरबी समुद्रावर वारा फार जोराचा असतो. तो वरचे पाणी घुसळतो, उष्णता खाली जाते आणि पृष्ठभाग थंड होतो. उपसागरात मात्र वारा त्या मानाने मंद असतो. शिवाय गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी वर हलक्या थरासारखे पसरते, त्यामुळे खालचे थंड पाणी सहसा वर येत नाही. पृष्ठभाग २८ अंश सेल्सियसच्या वर राहतो आणि त्यावर मोठे ढग उभे राहतात. आपल्या शिवारात पडणाऱ्या सरीचा हिशेब हा असा दूरच्या पाण्याच्या थरापर्यंत जाऊन पोहोचतो.

दुसरा एक धोक्याचा इशाराही या संस्थेने दिला आहे. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते एक हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसतोच. पावसाळ्याच्या उत्तरार्धात असे प्राणवायू कमी असलेले पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ उथळ भागात येते. डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, ही स्थिती तीव्र होत असून त्यातून नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वीला तापवणारा वायू अधिक प्रमाणात बाहेर पडतो. शेतातून आणि गटारांतून वाहून जाणारे नत्रही यास हातभार लावते. हेच डॉ. नक्वी पुढे संस्थेचे संचालक झाले.

आता माणसांविषयी. डॉ. सय्यद झहूर कासिम हे अलाहाबादचे. तेथेही समुद्र नाही. मजिदिया इस्लामिया शाळेत आणि नंतर अलीगढ विद्यापीठात ते शिकले. प्राणिशास्त्र हा त्यांचा विषय होता. पुढे वेल्समध्ये त्यांनी समुद्रजीवांवर पीएच.डी. केली, आणि १९७४ मध्ये ते दोना पावलाच्या संस्थेचे संचालक झाले. भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले. ६ डिसेंबर १९८१ रोजी एकवीस जणांची ही तुकडी 'पोलर सर्कल' या जहाजाने गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिने त्या बर्फाळ भूमीवर पाय ठेवला. पुढे डॉ. कासिम जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले.

दुसरे उदाहरण मुलींसाठी. डॉ. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, म्हणजे समुद्रापासून आपल्याहूनही दूरचा. त्याही याच संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. १९८३-८४ च्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तेथे जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत.

पालकहो, आता आपणांस एक स्पष्ट प्रश्न विचारतो. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीचे शिक्षण केवळ 'आपल्यात कोणी हे केलेले नाही' म्हणून थांबवावे काय? डॉक्टर-इंजिनियर झाला नाही म्हणून मुलाने दुकानावरच बसावे काय? बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे समुद्रविज्ञानाची एम.एस्सी. आहे, गोवा विद्यापीठ आणि कोचीचे विद्यापीठ आहे, पीएच.डी.साठी परीक्षेतून मिळणारी शिष्यवृत्ती आहे. गणित मात्र पक्के हवे. या वाटेवर खर्चापेक्षा चिकाटी अधिक लागते. आणि वाट माहीत नसणे ही आपली खरी अडचण आहे, बुद्धी नसणे ही नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, समुद्र पाहायला मिळेपर्यंत थांबू नका. या पावसाळ्यात शाळेत एक पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी एका ठराविक वेळी मोजा आणि वहीत लिहा. एकही दिवस चुकवू नका. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून ठेवली गेली आहे. अशाच जुन्या नोंदींवरून आपल्या किनाऱ्यालगत समुद्राची पातळी वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर वाढत आल्याचे या संस्थेच्या शास्त्रज्ञांना काढता आले. ज्यांनी पहिल्या दिवशी आकडा लिहिला, त्यांना त्याचा उपयोग कधी दिसलाही नसेल. पण त्यांनी तो नेमाने आणि खरा लिहिला. विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते, आणि ती आपल्या शाळेच्या अंगणातही होऊ शकते.