पाताळ कोणी खणले?

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला तो "पाताळ : धर्मात, पुराणात आणि कथा-कादंबरीत." फळ्यावर विषय लिहिला तेव्हा दोन-तीन पोरे माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, अंडरवर्ल्डवर बोलणार म्हणे. कोणत्या टोळीवर?" पोरांचा दोष नाही. मुंबईत अंडरवर्ल्ड म्हटले की टोळ्याच आठवतात. मी म्हटलं, बाबांनो, माझे अंडरवर्ल्ड तीन हजार वर्षांपूर्वीचे आहे. पण तिथेही मुकादम आहेत, तिथेही दारावर पहारा आहे, आणि तिथेही मिटवामिटवी चालते. या आणि ऐका.

मी विद्वान नाही. गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण रातपाळी करून वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात झाले. तेव्हा चुकलेमाकले पोटात घाला.

लहानपणी गावच्या जत्रेत यमपुरीचे चित्र विकायला यायचे. उकळत्या तेलाची कढई, त्यात माणसे, एकाला करवतीने कापताहेत, बाजूला यमदूत मिशा पिळत उभा. आई म्हणायची, खोटं बोललास तर तुला पण तिथं टाकतील. मला भीती वाटायची. पण एक शंकाही यायची. त्या कढईखाली लाकडे कोण सारतो? ती फोडली कोणी? एवढी मोठी कढई तिथवर उचलून नेली कोणी? आईला विचारले तर पाठीत धपाटा मिळाला. आज तीच शंका तुमच्यापुढे ठेवतो.

जमिनीखाली मेलेल्यांचा मुलूख आहे ही कल्पना बहुतेक सगळ्या जुन्या लोकांत सापडते. आजच्या इराकच्या भूमीत सुमेर लोक राहत. त्यांच्या कथेत इनान्ना नावाची स्वर्गाची राणी पाताळात उतरते. वाटेत सात दरवाजे. प्रत्येक दारावर तिचा एक दागिना किंवा वस्त्र काढून घेतात आणि शेवटी ती उघडी होऊन आपल्या बहिणीपुढे उभी राहते. त्या पाताळात मेलेल्यांचे अन्न म्हणजे धूळ. ग्रीकांचा पाताळातला नावाडी फुकट पलीकडे नेत नाही, म्हणून मेलेल्याच्या तोंडात नाणे ठेवत. इटलीच्या दान्तेने चौदाव्या शतकात नरकाची नऊ वर्तुळे रचली आणि आपल्या गावचे विरोधक नावानिशी त्यात बसवले. कवीच्या हातात लेखणी असली की असे होते.

पण मला सांगायचे आहे ते इजिप्तचे. कारण तिथे माझ्या शंकेचे उत्तर सापडते.

इजिप्तचे लोक पाताळाला दुआत म्हणत. सूर्य मावळला की नावेत बसून रात्रीच्या बारा तासांत दुआतच्या बारा भागांतून जातो. दारादारावर नाग पहारा देतात. एपेप नावाचा प्रचंड सर्प नाव अडवतो, त्याला हरवले तरच सकाळ होते. हे सगळे राजांच्या थडग्यांत भिंतीवर रंगवलेले आहे. त्यात शिक्षा झालेल्यांना आगीवरच्या कढईत घातलेलेही दाखवले आहे. म्हणजे आमच्या जत्रेतली कढई तिथेही आहेच!

मेलेल्याचा न्याय होतो तो तराजूवर. एका पारड्यात माणसाचे काळीज, दुसऱ्यात सत्याचे पीस. बेचाळीस न्यायाधीश. माणूस म्हणतो, मी कोणाला रडवले नाही, कोणाला उपाशी ठेवले नाही, लेकरांच्या तोंडचे दूध काढले नाही, काट्यात फसवले नाही. काळीज जड भरले तर शेजारी मगरीच्या तोंडाची राक्षसीण बसलेली असते, ती ते खाऊन टाकते. ऐकायला किती छान वाटते! गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच तराजू.

पण पुढे बघा. आपल्याच काळजाने साक्षीत उलट बोलू नये म्हणून मंत्र होता. तो दगडी भुंग्यावर कोरून मृताच्या छातीवर ठेवत. सगळे मंत्र लिहिलेली गुंडाळी तयार मिळायची, नावाची जागा कोरी सोडलेली. पैसे मोजा, नाव घाला, घेऊन जा. भटजीच्या दुकानातला हा माल जगभर एकाच पद्धतीने विकला गेला आहे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मेल्यावर परलोकात शेतीचे काम करावे लागते, पाटाचे पाणी, वाळूची वाहतूक. राजाने, सरदाराने हे का करावे? म्हणून ते थडग्यात मातीच्या, लाकडाच्या लहान बाहुल्या ठेवत. नाव शब्ती. कामाचा पुकारा झाला की बाहुलीने मालकाऐवजी "हजर आहे" म्हणायचे. १९२२ साली तूतनखामेन राजाचे थडगे सापडले, त्यात ४१३ शब्ती निघाल्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक याप्रमाणे ३६५ कामगार, दर दहा जणांवर एक असे ३६ मुकादम, आणि वर महिन्याचे बारा. अशा मुकादम-बाहुल्यांच्या हातात चाबूक दाखवत. मी हे वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवले आणि हसलो. मरूनसुद्धा जॉबर काही सुटत नाही!

आता हे पाताळ खणले कोणी? नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सरसमोर, देर अल-मदिना नावाच्या जागी भिंतीआड कामगारांचे गाव होते, साठ-सत्तर घरांचे. राजांच्या दरीतली थडगी खणणारे, दगड घासणारे, चित्रे काढणारे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. काम दोन पाळ्यांसारखे दोन तुकड्यांत, उजवी आणि डावी. प्रत्येकीवर एक नाईक. पगार धान्यात. डोंगराच्या पोटात अंधार, म्हणून दिवे. आणि दिव्याच्या वातींचासुद्धा लेखी हिशोब. दहा दिवसांचा आठवडा, त्यात शेवटचे दोन दिवस सुट्टी.

त्यांचा एक हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामेसिस राजाच्या चाळिसाव्या वर्षाचा, दगडाच्या कपचीवर लिहिलेला. चाळीस कामगारांची नावे आणि खाडे का झाले त्याची कारणे. कोणाला विंचू चावला. कोणाचे डोळे आले. कोणी भावाच्या प्रेताला मसाले लावायला गेला. कोणी घरी बिअर गाळत होता. मी कितीतरी वर्षे हजेरीपटावर स्वतःचे नाव बघितले आहे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा तो पट वाचताना वाटले, ही तर आपल्याच खात्यातली माणसे.

पुढे तिसऱ्या रामेसिसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, धान्य थकले. महिन्याचे अठरा दिवस उलटून गेले तरी दाणा नाही. त्या दिवशी या लोकांनी हत्यारे खाली ठेवली, पहाऱ्याच्या पाच भिंती ओलांडल्या आणि एका जुन्या राजाच्या मंदिरामागे जाऊन बसले. अधिकारी आले, गोड बोलले, मागे फिरा म्हणाले. हे हलले नाहीत. दुसऱ्या मंदिरावर गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते. भुकेने-तहानेने आम्ही इथे आलो. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. राजाला कळवा, वजिराला कळवा. थकलेले धान्य मिळाले. पुढच्या महिन्यांत पुन्हा थकले, पुन्हा हे बाहेर बसले. वजिराचा निरोप आला की कोठारातच काही नाही, आहे त्यातले देतो. त्याच सुमारास राजाच्या तिसाव्या वर्षाच्या महोत्सवाची तयारी चालली होती. जगातल्या लेखी नोंदलेल्या संपांत हा सर्वांत जुना. त्याचा कागद इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे.

आम्हीही एकदा थकलेल्या पगारासाठी गिरणीच्या गेटवर बसलो होतो. पावसाळा होता. घरी पिठाचा डबा रिकामा आणि आतून साहेब सांगत होता, तिजोरीत काही नाही. कोठारातच काही नाही! वजिराचे वाक्य वाचले आणि तो साहेब डोळ्यापुढे उभा राहिला.

एक ध्यानात घ्या. ज्यांनी आपल्या हाताने ते नाग आणि कढया रंगवल्या, त्यांच्या तक्रारीत नाग-कढईची भीती कुठेच नाही. आहे ती भूक. पुढे नवव्या रामेसिसच्या काळात राजघराण्याची थडगी फोडल्याबद्दल माणसे पकडली गेली, त्यांत याच गावचे कामगारही होते. चोरीचे मी समर्थन करत नाही. पण दारावरचा नाग रंगाचा आहे हे रंगाऱ्याला माहीत असणारच.

कादंबरीवाल्यांचे थोडक्यात सांगतो. इंग्रज लेखक वेल्स याने १८९५ साली 'द टाइम मशीन' लिहिली. त्यात फार पुढच्या काळात सुखवस्तू माणसांचे वंशज वर उजेडात खेळताहेत आणि कामगारांचे वंशज जमिनीखाली अंधारात यंत्रे चालवताहेत. इथवर वेल्स बरोबर बोलला. पण खालच्यांना त्याने वरच्यांना खाणारे राक्षस केले, ते मला पटत नाही. गिरणीचे तळघर मी पाहिले आहे. तिथे डबा वाटून खातात.

आता तथागतांचे. आपल्या ग्रंथांतही नरक आहेत, ते लपवायचे कारण नाही. मज्झिम निकायातल्या देवदूत सुत्तात शिक्षांचे भयंकर वर्णन आहे. पण तिथला यम आधी विचारतो काय? तान्हे मूल पाहिलेस का? म्हातारा पाहिलास का? आजारी, शिक्षा भोगणारा, मेलेला माणूस पाहिलास का? पाहिलेस, तर मग काय केलेस? काळीज गप्प करायचा भुंगा तिथे चालत नाही. केले ते तूच केलेस, आई-बापाने नाही, असे यम सांगतो.

आणि संयुत्त निकायात पाताळ नावाचेच एक लहानसे सुत्त आहे. अडाणी माणूस म्हणतो की महासमुद्रात पाताळ आहे. बुद्ध म्हणतात, नसलेल्या गोष्टीबद्दल तो बोलतो आहे. पाताळ हे शरीराच्या दुःखद वेदनेचे नाव आहे. एवढ्या लहान सुत्तापुढे मी बराच वेळ बसलो होतो. पिठाचा डबा आठवला.

देर अल-मदिनाचे एक सांगायचे राहिले. त्या संपाच्या शे-सव्वाशे वर्षे आधी तिथे सेनेजेम नावाचा कामगार होता. राजाचे पाताळ खणून सुट्टीच्या दिवशी तो गावाशेजारच्या टेकडीत स्वतःसाठी खोली खोदायचा. १८८६ साली ती सापडली, रंग जसेच्या तसे. त्यात त्याने परलोकातले आपले शेत काढले आहे. चारी बाजूंनी पाणी, उंच पीक, फळांनी लगडलेली झाडे. सेनेजेम स्वतः औत धरून चालला आहे आणि मागून त्याची बायको बी टाकते आहे. दोघांच्या अंगावर शुभ्र पांढरे, ठेवणीतले कपडे. त्या चित्रात मुकादम नाही.

जयभीम.