हुशारी कुणाच्या बापाची?

जांभूळच्या ग्रामस्थहो,

ओळख करून देताना संयोजकांनी मला 'कुशाग्र बुद्धीचे' म्हटलं. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. त्या टाळ्या मी परत करतो. माझ्या घरी रोज वर्तमानपत्र यायचं, आई वाचणारी होती, शेजारचे गुरुजी शिष्यवृत्तीचा अभ्यास फुकट घ्यायचे. यात माझी कुशाग्रता कुठली, तेवढं सांगा!

त्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'बुद्धिमत्ता चाचणी' असते. बुद्धी जन्मजात असेल, तर तिच्या सरावाची जाडजूड पुस्तकं का खपतात? क्लासवाले फी कशाची घेतात? आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, आकृत्यांची मालिका शंभरदा सोडवलेला पोरगा एकशे एकाव्या वेळी हुशार ठरतो. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये अशी चाचणी रचली, ती शाळेत मागे पडणारी मुलं हुडकून त्यांना मदत देण्यासाठी. आपण काय केलं? जो आधीच पुढे, त्यालाच बक्षीस. आणि हेच बक्षीसवाले पुढे आरक्षणाचा विषय निघाला की 'गुणवत्तेचं काय?' म्हणून गळा काढतात.

पुढच्यालाच देण्याची ही रीत जुनी. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. कर भरते रयत आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे, हा त्यांचा आक्षेप. वरच्यांना शिकवा, विद्या खाली झिरपेल, असं सरकार म्हणत होतं. झिरपण्याच्या गोष्टी जांभूळकरांना कुणी सांगू नयेत. बारवी धरणाचं पाणी इथं एमआयडीसीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि शहरांकडे, कारखान्यांकडे निघून जातं! फुल्यांनी बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते १९१७ साली. देशभराचा हक्काचा कायदा यायला २००९ उजाडलं.

आणि आज? दिवाळी झाली की आपल्या भागातली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यातला दहा वर्षांचा पोरगा खेकड्याचं बीळ कुठलं नि सापाचं कुठलं, हे हात घालण्याआधी ओळखतो. तिथं चुकलं तर गुण कापत नाहीत, जीव जातो. बापाने घेतलेली उचल किती फिटली, हे तो तोंडी सांगतो. हजेरीपटावर मात्र तो 'सतत गैरहजर', आणि परत आला की वर्गात 'ढ'. त्याच्या बुद्धीची चाचणी कुणी घेतली? कोणत्या भाषेत घेतली?

आता इथं गुणवंतांचा सत्कार आहे. मी आनंदाने करीन, त्यात पोरांचा काय दोष? पण पुढच्या वर्षी भट्टीवरून परतून पुन्हा शाळेत बसलेल्या मुलांची नावं यादीत सगळ्यात वर हवीत. नसतील, तर अध्यक्ष दुसरा शोधा.