दूर आणि जवळ : नेत्रभिंगाची समायोजन शक्ती

(व्याख्यानाचे शब्दांकन)



शिरपूरच्या श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरातील गाभाऱ्याचे दार 1981 मध्ये बंद झाले. त्यानंतर भाविकांना दर्शन घडे ते झरोक्यातून, काही अंतरावरून. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2023 मधील आदेशानंतर मार्च 2023 मध्ये ते दार उघडले. 1981 साली जो श्रावक वीस वर्षांचा होता, तो त्या वेळी बासष्टीत पोहोचला होता. विशीत त्याच्या डोळ्यांना वीतभर अंतरावरचा बारकावाही सहज दिसत असे. पण तेव्हा दार बंद होते. दार उघडले तेव्हा दूरची मूर्ती त्याला स्पष्ट दिसली असेल. परंतु जवळचे काही निरखायचे, तर चष्म्यावाचून गत्यंतर नव्हते. या बेचाळीस वर्षांत त्याच्या डोळ्यांत नेमके काय घडले, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

जैन ज्ञानमीमांसेत चक्षुरिंद्रियाला अप्राप्यकारी म्हटले आहे. चक्षू पदार्थाला स्पर्श न करता त्याचे ज्ञान करून घेतो, असा त्याचा अर्थ. आधुनिक शरीरशास्त्रानुसार पदार्थाकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो आणि आतील दृष्टिपटलावर त्याची प्रतिमा उमटते. प्रकाशकिरणांना वळवून एकत्र आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल करते. त्याची वक्रता मात्र ठरलेली असते. उरलेले काम बुबुळामागील नेत्रभिंगाचे. ते लवचिक असल्याने आपला आकार बदलू शकते.

दूरच्या वस्तूकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात, जवळच्या वस्तूकडून येणारे फाकत येतात. फाकलेले किरण एकत्र आणावयाचे, तर भिंग अधिक फुगीर व्हावे लागते. भिंगाभोवती समायी स्नायूंचे कडे असते आणि त्याला भिंग अतिसूक्ष्म तंतूंनी बांधलेले असते. दूर पाहताना स्नायू सैल असतात. त्यामुळे तंतू ताणले जाऊन भिंग चपटे होते. जवळ पाहताना स्नायू आकुंचन पावतात, कडे लहान होते, तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्या अंगच्या लवचिकतेने फुगते. म्हणूनच दूर क्षितिजाकडे पाहिल्यावर डोळ्यांना विसावा वाटतो, तर बारीक अक्षरे वाचून ते थकतात.

हे रहस्य उलगडण्यास बराच काळ लागला. भिंग पुढे-मागे सरकत असावे, असा केप्लर यांचा तर्क होता. इंग्लंडमधील थॉमस यंग यांनी 1801 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात स्वतःच्याच डोळ्यावर केलेले प्रयोग मांडले. डोळा पाण्याशी भिडवून त्यांनी पारपटलाचा प्रभाव नाहीसा केला, तरीही समायोजन शक्ती कायम राहिली. अर्थात बदल होतो तो भिंगातच. स्नायू आकसल्यावर तंतू सैल पडतात, हे स्पष्टीकरण पुढे 1855 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दिले.

ही शक्ती डायऑप्टरमध्ये मोजतात. चार मीटरवरील वस्तूसाठी पाव डायऑप्टर पुरते. पंचवीस सेंटिमीटरवरील ग्रंथासाठी चार लागतात. दहा वर्षांच्या मुलाजवळ ही शक्ती सुमारे चौदा डायऑप्टर असते, चाळिशीत ती चार-पाचावर येते आणि साठीत जेमतेम एक उरते. भिंगात जन्मभर नवे थर चढत जातात, जुने मात्र झडत नाहीत. त्यामुळे ते कठीण होते व तंतू सैल पडूनही पुरेसे फुगत नाही. मराठी माणसाने या वयाच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ हे नाव दिले आहे, ते अगदी यथार्थ आहे.

ही बाब श्रावकाच्या आचाराशीही निगडित आहे. धान्य निवडणे, पाणी गाळणे, फळभाजी चिरण्यापूर्वी निरखणे ही सारी अहिंसेची कर्मे हातभर अंतरावरची आहेत. रस्त्याच्या टोकाचा माणूस ओळखणाऱ्या आजीला ताटातल्या तांदळातील अळी दिसेलच, असे नाही. तो तिचा निष्काळजीपणा नव्हे, तो भिंगाचा धर्म आहे. योग्य क्रमांकाचा चष्मा आणि भरपूर उजेड हाच त्यावरील उपाय. उजेडात बाहुली लहान होते व प्रतिमा अधिक रेखीव उमटते; म्हणून निवडण-टिपण दिवसाउजेडी करण्याची जुनी रीत शास्त्रालाही धरून आहे.

दृष्टी आणि व्रत यांचे नाते किती घट्ट असते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. चालताना समोरची चार हात भूमी निरखून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी मंदावत गेली, तेव्हा जीवरक्षणाचे हे व्रत निर्दोष पाळता येणार नाही, हे ओळखून त्यांनी 1955 मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. त्यांची ती अवस्था म्हणजे साधी चाळिशी नव्हती. चाळिशीत जवळचे धूसर होते, पण चष्म्याने ते लख्ख दिसते. चष्मा लावूनही धूसर दिसणे, दिव्याभोवती वलये दिसणे, बाजूचे दिसेनासे होणे ही निराळ्या विकारांची लक्षणे असू शकतात. तेथे विलंब न करता नेत्रतज्ज्ञाकडे गेले पाहिजे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक ज्येष्ठ तक्रार करतात, “दूरचे दिसते, पण पोथी वाचता येत नाही, शस्त्रक्रिया फसली.” प्रत्यक्षात ती फसलेली नसते. गढूळ झालेले भिंग काढून बसविलेले साधे कृत्रिम भिंग आकार बदलत नाही. ते बहुधा दूरच्या दृष्टीसाठी निवडलेले असते. म्हणून वाचनासाठी चष्मा लागतोच.

मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्याजवळ ही शक्ती विपुल आहे, परंतु मोबाईल सतत डोळ्यांशी धरणे हितावह नाही. रोज मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये निकटदृष्टितेचा संभव कमी होतो, असे संशोधनांतून दिसून आले आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एवढे जरी केले तरी पुष्कळ : घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे डोळे तपासून घ्यावेत. ज्यांनी बेचाळीस वर्षे दूरच्या दर्शनावर समाधान मानले, त्यांना हातातील पोथी आणि ताटातील जीव तरी स्पष्ट दिसावा.

जय जिनेंद्र!