मद्याची सुलभता आणि गृहस्थाश्रम



धर्मशास्त्राने सुरापानाची गणना पंचमहापातकांत केली आहे. आधुनिक वैद्यकही त्याच्या दोषांविषयी निःशंक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ साली मद्याला कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले. तेव्हा मद्य बरे की वाईट, हा वाद संपलेला आहे. ते अधिक सहज मिळू लागले तर काय घडते, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

“ज्याला प्यावयाचे तो कोठूनही आणील, दुकान जवळ आले म्हणून काय बिघडले?” असे पुष्कळजण म्हणतात. अनुभव मात्र याच्या उलट आहे. फिनलंड देशात १ जानेवारी १९६९ पासून मध्यम तीव्रतेची बिअर किराणा दुकानांत विकण्यास मोकळीक मिळाली. सौम्य पेय हाताशी आले की लोक कडक दारू सोडतील, अशी आशा होती. परंतु त्या एकाच वर्षात मद्याचा एकूण खप सुमारे ४६ टक्क्यांनी वाढला. पुढील वर्षांत यकृतविकाराचे मृत्यूही वाढले. शेजारच्या स्वीडनने १९६५ साली असाच प्रयोग केला, आणि तरुण मुले पिऊ लागल्याचे पाहून १९७७ साली तो मागे घेतला.

याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. वासना क्षणिक असते. मध्ये चार पावलांचे अंतर असले तर विवेकाला जागे होण्यास अवधी मिळतो. मोठ्या कष्टाने व्यसन सोडलेल्या पुरुषाला मीठ-साखर आणण्यास गेल्यावर तीच बाटली समोर दिसली, तर त्याचा निश्चय किती दिवस टिकावा? आणि आईचे बोट धरून आलेल्या बालकाने तिला तांदूळ-डाळीसारखीच नित्याची वस्तू का समजू नये?

महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२२ मध्ये, एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा भांडारांत वाइनविक्रीस अनुमती देण्याचे ठरविले, तेव्हा द्राक्षबागाइतदारांच्या हिताचे कारण पुढे करण्यात आले. शेतकऱ्याचे हित कोणास नको आहे? परंतु एका घरची चूल पेटावी म्हणून दुसऱ्या घरची विझू देणे, हा न्याय नव्हे. महसुलाचेही तसेच. मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचा ४७ वा अनुच्छेद सांगतो.

निव्वळ बंदीने सर्व साधते, असेही कोणी समजू नये. मुंबईतील मालवणी येथे २०१५ साली विषारी दारूने शंभरांवर माणसे दगावली. मौसलपर्वात यादवांनी द्वारकेत मद्य गाळण्यास देहान्त शिक्षा ठेवली होती. तरी प्रभासक्षेत्री मद्य विपुल मिळताच ते पिऊन उन्मत्त झाले व परस्परांच्या हातून नष्ट झाले. नियम होता, संयम नव्हता. आणि सुलभतेने उरलेले काम केले.

म्हणून दोन्ही बाजूंनी बांध घालणे अवश्य आहे. घरात, लग्नकार्यात व उत्सवात मद्याला थारा न देणे, हे गृहस्थाचे काम. वस्तीत, शाळेजवळ वा देवळाजवळ नवे दुकान येऊ लागले, तर ग्रामसभेत एकमुखाने विरोध करणे, हे समाजाचे काम. व्यसनात सापडलेल्यास मात्र कोणी दूर लोटू नये. त्याला वैद्याकडे न्यावे, सत्संगात बसवावे. या वर्धापनदिनी प्रत्येक कुटुंबाने एवढा संकल्प केला, तरी श्रीगुरुचरणी ती मोठी सेवा रुजू होईल.